लग्न लागलं, नांदणं राहिलं : रखमाबाईंच्या घराचा खटला

मराठीत लग्न ‘लागतं’ आणि मुलगी ‘नांदायला’ जाते. आज ही दोन्ही कामं एका आठवड्यात उरकतात, म्हणून दोन वेगळी क्रियापदं कशाला लागली असतील हा प्रश्न आपल्याला पडत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यामध्ये वर्षं असायची. आठ-दहा-अकरा वर्षांच्या पोरीला बोहल्यावर चढवायचं. मग ती बहुतेक माहेरीच वाढायची. सणावाराला सासरहून मूळ, म्हणजे बोलावणं, यायचं, चार दिवस राहून ती परत यायची. न्हाण आलं, म्हणजे पहिल्यांदा पाळी आली, की मखरात बसवायचं, ओटी भरायची, गर्भाधानाचा, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या समागमाचा, मुहूर्त काढायचा आणि त्यानंतर तिचं खरं सासर सुरू व्हायचं. मधली वर्षं ती ना धड इकडची ना धड तिकडची. कपाळाला कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र, पण निजायला आईच्या कुशीत.

मुंबईच्या रखमाबाई या मधल्या वर्षांत थांबल्या आणि पुढे जायला त्यांनी नकार दिला. त्यावरून मुंबई हायकोर्टात जो दावा लागला, ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’, तो १८८४ पासून १८८८ पर्यंत चालला. या खटल्याची गोष्ट नेहमी कायद्याच्या अंगानं सांगितली जाते : न्यायमूर्ती काय म्हणाले, टिळक काय म्हणाले, विलायतेत काय गाजलं. मला तो दोन घरांचा खटला वाटतो. एका घरात ती मुलगी वाढली, दुसऱ्या घरात तिला जायचं नव्हतं. कोर्टात दिलेली कैफियत आणि पुढे वर्तमानपत्रांतून झालेली उत्तरं-प्रत्युत्तरं यांमुळे त्या दोन्ही घरांची दारं आपल्यासाठी थोडी किलकिली राहिली आहेत. एरवी त्या काळच्या मुलीच्या घरात काय चाललं होतं हे कळायला मार्ग नसतो. बाहेर बोलायचंच नाही, ही तर तिला पहिली शिकवण असे.

आईचं घर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. आई जयंतीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी मूल आणि सतराव्या वर्षी वैधव्य. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमा जेमतेम चालू-बोलू लागली असेल. म्हणजे त्या घरात मुलगीही लहान आणि आईही लहानच.

घराणं सुतार ज्ञातीतलं, आणि त्या ज्ञातीत विधवेच्या पुन्हा लग्नाला मज्जाव नव्हता. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. डॉक्टर स्वतः विधुर होते. पण या लग्नाला एक कायदेशीर अट होती. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानं विधवेला लग्नाची मुभा दिली, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. तेव्हा जयंतीबाईंनी लग्नाआधी जनार्दन पांडुरंगांची मिळकत मुलीच्या नावावर केली. रखमा त्या वेळी आठ वर्षांची. भातुकलीच्या वयात ती कागदोपत्री मिळकतदार झाली.

हा कागद लक्षात ठेवायला हवा. पुढे दादाजींचं म्हणणं असं पडलं की मुलगी सासरी गेली तर मिळकतही तिच्यामागून जाईल, म्हणून आई आणि आजोबा तिला अडवून धरताहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की दादाजींना कर्जं झाली होती आणि ती फेडायला बायकोची मिळकत हवी होती. कुणाच्या मनात काय होतं ते आता कोण सांगणार? पण त्या मिळकतीचा विसर दोन्हीकडे कुणालाच पडला नव्हता, एवढं नक्की.

आपल्या कहाण्यांत सावत्र आई पावलोपावली भेटते. सावत्र बाप जवळजवळ भेटतच नाही. कारण उघड आहे : पुरुष पुन्हा बोहल्यावर चढायचा, आणि ज्या घरांतून या कहाण्या सांगितल्या गेल्या तिथली विधवा कोपऱ्यात जायची. सखाराम अर्जुन हा त्यामुळे विरळा माणूस, सावत्र बाप. ते शिकलेले डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतींचा त्यांचा चांगला अभ्यास होता, मुंबईच्या औषधी द्रव्यांवर त्यांनी लिहिलं. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन हिंदी गृहस्थ होते. सुधारकांची त्यांच्याकडे ऊठबस. विष्णुशास्त्री पंडितांसारख्या, विधवाविवाहासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाशी या कुटुंबाचा संबंध होता. जयंतीबाई मुलीला घेऊन प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक सभेला जात.

एवढं सगळं असूनही रखमाचं लग्न अकराव्या वर्षी लागलंच. सुधारणा दिवाणखान्यात आणि रूढी माजघरात, ही त्या काळच्या शिकल्या-सवरलेल्या घरांची वहिवाटच होती. मुलगी बारा-तेराची झाली तरी उजवली नाही म्हणून ज्ञातीत जी बोलणी बसायची ती बायकांना पाणवठ्यावर ऐकावी लागत, पुरुषांना सभेत नव्हे. तेव्हा या बाबतीत बायकाच घाई करत, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

घरजावई

नवरा मुलगा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा. सखाराम अर्जुनांचाच लांबचा नातलग, गरीब घरचा. लग्न ठरताना बोलणं झालं ते असं : मुलगी सासरी जायची नाही, जावईच इकडे राहील. त्याचं खाणंपिणं, शिक्षण सगळं डॉक्टर बघतील. तो शिकेल, चांगला माणूस होईल.

कागदावर ही योजना बिनचूक दिसते. मुलीची मिळकत घरात राहते, मुलगी आईजवळ राहते, गरीब नातलगाचं भलं होतं. फक्त यात दादाजीचं मन कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही. घरजावई म्हणजे ज्याच्या पानात वाढलं जातं पण ज्याला कुणी पाटावरचा मान देत नाही असा जावई. त्यातून हा विशीतला तरुण. त्याला सहाव्या इयत्तेत बसवलं. त्याच्या वयाची शिकणारी मुलं कॉलेजात होती. मिसरूड फुटलेल्या माणसाला पोरासोरांच्या वर्गात बसायला लावायचं आणि संध्याकाळी अभ्यास झाला का म्हणून विचारायचं, आणि तेही सासुरवाडीत. या प्रकरणात दादाजीबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पण हा भाग वाचताना मला त्याची कीव येते.

आणि इथंच या घरातला खरा विरोधाभास आहे. ज्याला शिकायचं नव्हतं त्याला शाळेत लोटत होते आणि जिला शिकायचं होतं तिची शाळा लग्न झालं म्हणून सुटली होती. अकराव्या वर्षी. लग्न झालेल्या मुलीनं पाटी-दप्तर घेऊन रस्त्यानं जाणं त्या ज्ञातीला काय, कुठल्याच ज्ञातीला रुचलं नसतं. रखमा घरी बसली आणि वाचू लागली. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं घरी येत. शिकवायला कुणी नाही, परीक्षा नाही, सोबतीला वर्गमैत्रिणी नाहीत. निवडण-टिपण, पूजेची तयारी, आल्यागेल्याचं बघणं यातून जो वेळ उरेल तो पुस्तकांचा.

लग्नानंतर सहा-सात महिन्यांत तिला न्हाण आलं. आता गर्भाधान व्हायला हवं होतं. शास्त्र तसं सांगतं, वडीलधाऱ्या बायका तसं सांगतात, आणि जावई तर घरातच आहे. एरवीच्या घरात हा निर्णय बायका आणि जोशीबुवा मिळून करत. पंचांग उघडलं की झालं. इथं मात्र घरात डॉक्टर होता. बारा वर्षांच्या मुलीचं शरीर या गोष्टीला तयार नसतं हे त्याला पुस्तकातून आणि रोग्यांकडून, दोन्हीकडून ठाऊक होतं. त्यानं ठाम नकार दिला.

मला वाटतं या प्रकरणाला खरं वळण इथं मिळालं, कोर्टात नव्हे. गर्भाधान झालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं; तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल झालं असतं, आईच्याच आयुष्याची दुसरी प्रत निघाली असती. पुढे कलकत्त्याला फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधानं मेली, त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारा झाली. सखाराम अर्जुनांनी आपल्या घरात हा निर्णय त्याआधी जवळजवळ पंधरा वर्षं घेतला होता, कायद्याच्या पाठबळाशिवाय, आणि तोही स्वतःच्या पोटच्या नसलेल्या मुलीसाठी.

दादाजीच्या बाजूनं बघायचं तर त्याच्याजवळ आता काहीच उरलं नाही. शाळा नकोशी, बायको नावाची, घर परक्याचं. याच सुमारास त्याची आई वारली. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी तो आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजींकडे राहायला गेला.

मामाचं घर

‘सासर’ या शब्दात सासू-सासरे गृहीत असतात. रखमाबाईंना ज्या घरी नांदायला बोलावलं गेलं तिथं सासू नव्हती, सासरा नव्हता, नवऱ्याची स्वतःची चूलही नव्हती. घर होतं नवऱ्याच्या मामाचं, आणि नवरा तिथला आश्रित.

त्या घराबद्दल रखमाबाईंनी पुढे जे सांगितलं ते त्या काळच्या बाईनं चारचौघांत बोलावं असं नव्हतं. धुर्माजींनी आपली रखेली घरात आणून ठेवली होती. अशा घरात लग्नाच्या बायकोचे काय हाल होत असतील ते निराळं सांगायला नको. दादाजी त्या घरात आणखी ढिला पडला. कामधंदा नाही, डोक्यावर कर्ज, आणि वर दुखणं : दमा आणि क्षयासारखी लक्षणं. तो बराच काळ अंथरुणाला खिळून होता.

त्या वेळच्या कुठल्याही आईनं यावर काय म्हटलं असतं? ‘बाई गं, नशीब आपलं; दिल्या घरी सुखी राहा.’ ‘दिल्या घरी’ हे दोन शब्द फार सांगतात. मुलगी द्यायची असते, घर घ्यायचं नसतं; घर जसं असेल तसं. रखमाबाईंचं वेगळेपण हे की ‘दिल्या घरी’ जाण्याआधी त्यांनी ते घर बघितलं. त्यांना बघायला वेळ मिळाला. अकरा ते एकोणीस, आठ वर्षं. बहुतेक मुलींना घर कळतं ते उंबरठा ओलांडल्यावर, आणि तोवर परतीची वाट बंद झालेली असते.

याच वर्षांत आणखी दोन मुली मोठ्या होत होत्या, त्यांच्याशी ताडून बघण्यासारखं आहे. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांच्या घरात आली ती रमाबाई. नवऱ्याचं वय तिच्या तिपटीच्या जवळ. पण रात्री तो तिला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवी आणि दिवसा घरातल्या बायका त्याबद्दल तिला टोचून बोलत. कल्याणच्या यमुनेचं लग्न नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशांशी झालं, ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून डॉक्टर व्हायचा ध्यास उभा राहिला. तिघींच्या हातात पुस्तक होतं. दोघींच्या हातात ते नवऱ्यानं दिलं होतं, प्रसंगी सक्तीनं. रखमाबाईंचं पुस्तक नवऱ्याच्या परवानगीवाचून आलेलं. समाजाचा राग पुस्तकावर होता त्यापेक्षा या गोष्टीवर जास्त असावा, अशी मला शंका आहे. रमाबाईंना घरात बोलणी बसली. रखमाबाईंना सगळ्या महाराष्ट्रानं बोलून घेतलं.

मूळ आलं वकिलाच्या सहीनं

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वतीनं चॉक अँड वॉकर या सॉलिसिटरांचं पत्र सखाराम अर्जुनांना आलं : रखमाबाईंना नवऱ्याकडे येण्यापासून अडवू नका. सणाला न्यायला मुराळी यावा तसं हे इंग्रजी मूळ. डॉक्टरांनी सभ्यपणे कळवलं की आम्ही कुणी तिला अडवलेलं नाही. मग त्यांनाही वकील गाठावे लागले आणि पेन, गिल्बर्ट अँड सयानी यांच्यामार्फत रखमाबाईंनी आपली कारणं दिली. कारणं तीन : वादीला स्वतःला आणि बायकोला नीट ठेवण्याजोगं घर आणि मिळकत नाही, वादीची प्रकृती दम्यानं आणि क्षयाच्या लक्षणांनी खालावलेली आहे, आणि वादी ज्याच्या आश्रयाला राहतो त्या माणसाची चालचलणूक.

ही यादी पुन्हा वाचावी. पहिलं कारण घर, तिसरं कारणही घर. एकोणीस वर्षांच्या मुलीनं कोर्टापुढे ठेवलेलं म्हणणं जवळजवळ असं आहे : मला जिथं बोलावताय ती जागा राहण्यासारखी नाही. बालविवाह वाईट, स्त्रीला संमतीचा हक्क हवा, हे सगळं नंतर आलं, आणि ते वर्तमानपत्रातून आलं. २६ जून १८८५ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं एक मोठं पत्र छापून आलं. ते रखमाबाईंचं होतं. लहानपणीच्या लग्नानं आपल्या आणि आपल्याला सगळ्यांत प्रिय असलेल्या गोष्टीच्या, म्हणजे विद्येच्या, मध्ये भिंत उभी केली. काही एक अपराध नसताना आपल्याला कोंडून घ्यावं लागलं. अज्ञानी भगिनींच्या वर उठायची साधी इच्छा धरली तरी लोक संशयानं बघतात, असा त्या पत्राचा सूर. त्यात नवऱ्याबद्दलची तक्रार शोधायला जाल तर हाती फार लागत नाही. शाळा सुटल्याचं दुःख मात्र ओळीओळीत आहे.

हे पत्र छापून यायच्या आधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला एकमेव पुरुषी आधार गेला. ज्यांनी गर्भाधान अडवलं त्यांना खटल्याचा निकाल बघायला मिळाला नाही.

निकाल सप्टेंबरात लागला. न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढे मुख्य प्रश्न असा : इंग्रजी कायद्यात वैवाहिक हक्क परत मिळवून देण्याचा जो उपाय आहे तो इथं लावायचा का? पिन्ही म्हणाले की हे दोघं नवरा-बायको म्हणून एक दिवसही एकत्र राहिलेले नाहीत, मग ‘परत’ काय मिळवून द्यायचं? हा तर पहिल्यानंच सहवास करायला लावण्याचा दावा आहे. अजाण वयात लग्न लावलेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाकडे पाठवायला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही आणि इंग्रजी कायदा अशा लग्नांसाठी केलेला नाही. दावा फेटाळला. पिन्हींना मराठी येत होतं की नाही कोण जाणे. पण ‘लग्न लागणं’ आणि ‘नांदणं’ यांतला फरक त्या निकालात बरोबर पकडला गेला.

अपिलात तो सुटला. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये ठरवलं की हिंदू विवाह विधी पुरा होताच पूर्ण होतो, सहवास झाला की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. खटला पुन्हा चालवा. रखमाबाईंच्या बाजूनं इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे होते. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूमनामा दिला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कळवलं की मी जास्तीत जास्त शिक्षा भोगायला तयार आहे.

(त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. नवऱ्याच्या आग्रहानं डॉक्टर झालेल्या बाईसाठी महाराष्ट्र हळहळत होता, आणि नवऱ्याकडे न जाणाऱ्या बाईला तुरुंगाचा हुकूम निघत होता.)

कैदेची गंमत अशी की खुद्द इंग्लंडमध्ये या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच, म्हणजे चॉक अँड वॉकरचं पत्र आलं त्याच वर्षी, रद्द झाली होती. हिंदुस्थानात १८८२ च्या दिवाणी संहितेत ती तशीच राहिली आणि १९२३ मध्ये निघाली. आपल्याकडच्या धर्माभिमान्यांनी मात्र विलायतेच्या चर्च कोर्टांतून आलेल्या या उपायाची अशी बाजू घेतली की तो मनुस्मृतीतूनच आला असावा. टिळकांनी रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालवली, मुलींना इंग्रजी शिकवलं की हे असं होतं, हा सूर सगळीकडे निघाला. दुसऱ्या बाजूनं समाजसुधारक पत्रकार बेहरामजी मलबारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्‌स्‌वर्थ यांनी बचावासाठी समिती उभी केली, पैसे जमवले. हा वाद इतक्या ठिकाणी इतक्या तपशिलात आला आहे की इथं तो लांबवत नाही.

मला जास्त मोलाचा वाटतो तो १८८७ चा कमी वाचला गेलेला कागद. निकालानंतर दादाजींनी आपली बाजू मांडणारं एक लांबलचक निवेदन प्रसिद्ध केलं : मुलगी वाईट नव्हती, तिला आजोबा हरिश्चंद्र यादवजी आणि आई यांनी फितवलं, सगळा डाव मिळकतीचा. रखमाबाईंनी जूनच्या अखेरीस ‘बॉम्बे गॅझेट’मधून त्याला उत्तर दिलं. लग्नाच्या वेळची बोलणी, घरजावई ठेवण्याचा करार, शाळा, सहावी इयत्ता, आजारपण, मामाचं घर, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते बरंचसं या देवाणघेवाणीमुळे. दोघंही आपापल्या परीनं खरंखोटं मिसळत असतील. तरी एक गोष्ट दोघांच्याही लिहिण्यात सारखी उतरते : मोठ्या माणसांनी एक व्यवहार ठरवला होता आणि तो दोन मुलांच्या अंगावर पडला. दादाजी स्वतःला फसवलेला जावई समजतात. रखमाबाई स्वतःला न विचारता बांधलेली मुलगी समजतात. मला यात कुणीही खोटं बोलतंय असं वाटत नाही.

तडजोड आणि नंतर

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावायचा नाही असं कबूल केलं. थोड्याच दिवसांत त्यांनी दुसरं लग्न केलं. हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला तेव्हा कसलीच आडकाठी नव्हती, तेव्हा त्यांचं नांदतं घर झालं. रखमाबाईंना ती सोय नव्हती. कायद्यानं त्या दादाजींच्या बायकोच राहिल्या.

१८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरतेला, नंतर राजकोटला, बायकांच्या इस्पितळांत त्यांनी साडेतीन दशकांच्या आसपास काम केलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या, न्हाण येऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या किती पोरी त्यांच्या हातांखालून गेल्या असतील! मुंबईला त्या उतारवयात परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदीत, वारल्या.

दादाजी त्यांच्या कितीतरी आधी गेले, १९०४ मध्ये. रखमाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या, नावाजलेल्या डॉक्टर. ही बातमी कळल्यावर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला घेतलं, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. इतकं लढून शेवटी हेच? मग १८८४ ची ती तीन कारणं पुन्हा काढून बघितली. घर नाही, प्रकृती नाही, मामा असा. लग्न लागलंच नव्हतं, असं त्यात रखमाबाईंनी कुठंही म्हटलेलं नाही.